थायरॉईडमधला ठिपका आणि कमरेखालचं दुखणं

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वडिलांचं वय ६३. तीन वर्षांपूर्वी गुदाशयाचा, म्हणजे रेक्टमचा कॅन्सर निघाला. आधी रेडिएशन, मग ऑपरेशन, पोटावर कायमची स्टोमाची पिशवी आणि नंतर केमो. सगळं सुरळीत चाललं होतं. आता सीईए, म्हणजे कॅन्सरवर नजर ठेवायला रक्तात मोजतात ते प्रथिन, ३ वरून ९ वर गेलं म्हणून पेट स्कॅन केला. यकृत स्वच्छ, फुफ्फुसं स्वच्छ, पण थायरॉईडच्या उजव्या भागात एक ठिपका चमकतोय. ‘आतड्याचा कॅन्सर क्वचित अशा जागीही जातो’ एवढंच कुणीतरी सांगितलं आणि घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं. मग प्रश्नाच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेलं एक वाक्य: ‘बाबांना दोन महिने कमरेच्या खाली दुखतं, पण ते वयामुळे असेल. स्कॅनच्या रिपोर्टमध्येही तिथे झीज असावी असं म्हटलंय.’

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझ्यासमोर पेशंट येऊन बसत नाहीत, त्यांच्या शरीराचे तुकडे येतात, काचेच्या पट्टीवर, गुलाबी-जांभळ्या रंगात. पंचवीसेक वर्षं हेच करते आहे. तुमचा प्रश्न वाचताना मी थायरॉईडपाशी नाही, त्या शेवटच्या वाक्यापाशी थांबले. तिकडे येतेच. पण तुमची झोप थायरॉईडनं उडवली आहे, तेव्हा सुरुवात तिथून.

आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी रक्तात उतरल्या की कुठे जाणार, हे बरंचसं शिरांच्या मांडणीवर ठरतं. मोठ्या आतड्याचं रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतात जातं आणि तिथल्या बारीक जाळ्यात पेशी अडकतात. ही पहिली गाळणी. तिच्यातून निसटलेल्या पेशी हृदयाच्या उजव्या बाजूनं फुफ्फुसात पोचतात. ही दुसरी. गुदाशयाच्या खालच्या भागातलं रक्त यकृताला वळसा घालून परस्पर मोठ्या शिरेत जातं, म्हणून त्या कॅन्सरमध्ये यकृत कोरं आणि फुफ्फुसात गाठी, असं चित्र दिसू शकतं. थायरॉईड, मेंदू, डोळा, प्लीहा हे अवयव या दोन्ही गाळण्यांच्या पलीकडे आहेत. तिथवर रक्तातून पोचायचं तर पेशींना वाटेत फुफ्फुस ओलांडावं लागतं, आणि ओलांडताना त्या सहसा खुणा मागे ठेवतात. आतड्याचा कॅन्सर थायरॉईडमध्ये खरोखरच गेलेला असतो तेव्हा फुफ्फुसातही तो बहुतेकदा सापडतो. तुमच्या बाबांची फुफ्फुसं स्वच्छ आहेत. म्हणजे अशक्य आहे असं नाही, पण माझा तराजू लगेच दुसऱ्या बाजूला झुकतो.

शिरांच्या मांडणीनं सगळं उलगडत नाही, हेही खरं. १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट या इंग्लिश सर्जननं स्तनाच्या कॅन्सरनं गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या. रक्त यकृतालाही मिळतं आणि प्लीहेलाही, मग गाठी यकृतातच इतक्या का आणि प्लीहेत जवळजवळ का नाहीत, असा त्याचा प्रश्न होता. त्याचं उत्तर: बी सगळीकडे पडतं, पण रुजायला माती लागते. पुढे १९२८ मध्ये जेम्स यूइंगनं उलट बाजू लावून धरली, की मातीबितीचं काही नाही, सगळा रक्ताच्या वाटेचा खेळ आहे. आतड्याच्या कॅन्सरपुरतं बोलायचं तर दोघांनाही अर्धे-अर्धे मार्क द्यावे लागतात. यकृत आणि फुफ्फुस वाटेवर आहेत, हे मार्क यूइंगचे. स्नायूंना शरीरातल्या रक्ताचा मोठा वाटा मिळतो, तरी तिथे गाठ अगदीच विरळा, हे पॅजेटचे. सतत आकुंचन-प्रसरण आणि लॅक्टिक ॲसिड, अशी कारणं त्यासाठी दिली जातात.

आता थायरॉईडच्या ठिपक्याबद्दल. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या पेट स्कॅनमध्ये थायरॉईडचा एखादा भाग अवचित चमकणं ही आमच्याकडे नेहमीची गोष्ट आहे. असे ठिपके सुईनं तपासले तर साधारण तिघांतल्या एकात कॅन्सर निघतो, आणि तोही बहुतेक वेळा थायरॉईडचा स्वतःचा, पॅपिलरी जातीचा, ज्याचा इलाज चांगला होतो. उरलेल्या दोघांत साधी गाठ असते. दुसऱ्या अवयवातून आलेला कॅन्सर या यादीत फार खाली आहे, आणि त्यातही मूत्रपिंडाचा कॅन्सर आतड्याच्या पुढे.

‘पण सीईए वाढलंय ना?’ असं तुम्ही विचारणार. इथेच खरी गंमत आहे (गंमत हा शब्द पॅथॉलॉजिस्टच्या अर्थानं घ्या). सीईए हे आतड्याच्या कॅन्सरचं खासगी नाणं नाही. सिगारेट ओढणाऱ्यांत ते थोडं वर असतं, यकृताच्या आजारात वाढतं. आणि थायरॉईडचा एक कॅन्सर आहे, मेड्युलरी नावाचा, तो स्वतःच सीईए तयार करतो. म्हणजे ज्याला आधी आतड्याचा कॅन्सर होऊन गेलाय, त्याचं सीईए वाढलं आणि थायरॉईडमध्ये गाठ दिसली, तर सगळे आतड्याकडे बोट दाखवतात आणि खरा चोर थायरॉईडमध्येच बसलेला असू शकतो. मेड्युलरी कॅन्सर कमी आढळतो, त्यामुळे तुमच्या बाबांना तोच असेल असं मी म्हणत नाही. पण तो ओळखायला रक्तात कॅल्सिटोनिन हे हार्मोन बघावं लागतं, ती एका नमुन्याची तपासणी आहे, आणि कुणी सुचवली नाही तर होत नाही.

बाकी सगळं सुईवर. सोनोग्राफीत बघत बारीक सुई घालतात, चार थेंब काचेवर पसरतात. पॅपिलरी कॅन्सर असेल तर पेशींची केंद्रकं फिकट, एकमेकांवर चढलेली, मधोमध कॉफीच्या बीसारखी खाच पडलेली. मेड्युलरीत पेशी सुट्या सुट्या, काही लांबट, काहींचं केंद्रक एका कडेला, आणि मधून मधून ॲमिलॉइड नावाच्या साचलेल्या प्रथिनाचे गुलाबी गोळे. आतड्याच्या पेशी यांच्यात मिसळून जात नाहीत. उंच, काठीसारख्या, कुंपणाच्या फळ्यांसारख्या ओळीनं उभ्या, आणि त्यांनी वेढलेल्या पोकळीत मेलेल्या पेशींचा गाळ. या गाळाला आम्ही ‘डर्टी नेक्रोसिस’ म्हणतो, आणि ते नाव त्याला शोभतं. हे चित्र एकदा डोळ्यांत बसलं की थायरॉईडमध्ये दिसो, मेंदूत दिसो नाहीतर टाळूच्या कातडीत, ओळखू येतं. शंका राहिलीच तर मार्करचे, म्हणजे पेशी कुठली ते सांगणाऱ्या प्रथिनांचे, स्टेन करतो. आतड्याच्या पेशी सहसा सीके २०, सीडीएक्स २ आणि सॅट-बी-२ या तिघांना रंग देतात, सीके ७ ला देत नाहीत. थायरॉईडच्या पेशी टीटीएफ १ दाखवतात. इथे सीईएचा स्टेन उपयोगाचा नाही, कारण मेड्युलरीही त्याला रंगते. आणि एकट्या मार्करच्या जिवावर निकाल देऊ नये. पॅपिलरीचाच एक दुर्मिळ प्रकार सीडीएक्स २ ला रंग देतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरचाही एक प्रकार आतड्याची इतकी हुबेहूब नक्कल करतो की मार्कर बघून तो आतड्याचाच वाटावा. तिथे शेवटी स्कॅन आणि पेशंटचा इतिहास विचारावाच लागतो.

इतिहासावरून एक कबुली. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे बीजांडाची, म्हणजे ओव्हरीची, एक मोठी गाठ आली. एकाच बाजूची, पाणी भरलेली, वरून गुळगुळीत. अर्जावर फक्त ‘ओव्हेरियन मास’. मी तिला बीजांडाचा स्वतःचा, एंडोमेट्रिऑइड जातीचा कॅन्सर म्हटलं. आठवड्यानं कळलं की त्या बाईंच्या आतड्याचं ऑपरेशन दीड वर्षापूर्वी दुसरीकडे झालं होतं. जुनी स्लाइड मागवून दोन्ही शेजारी-शेजारी ठेवल्या. तेच काठीसारख्या उंच पेशींचं कुंपण, तोच गाळ. एकाच हातचं अक्षर. रिपोर्ट बदलला, केमोची दिशा बदलली. त्यानंतर अर्ज कोरा असेल तर मी फोन उचलते. (मनाचं समाधान म्हणून सांगते: फ्रिडरिश क्रुकेनबर्गनं १८९६ मध्ये ज्या गाठींचं वर्णन केलं, त्या बीजांडाच्याच आहेत असं त्यालाही वाटलं होतं. त्या बहुतेक जठरातून आलेल्या असतात हे नंतर कळलं, आणि नाव मात्र त्याचंच राहिलं.)

बीजांड ही आतड्याच्या कॅन्सरची अगदीच विरळा जागा नाही. बाधित स्त्रियांमध्ये शंभरात तीन ते पाच जणींना तिथे गाठ होते, तरुण वयात जास्त. केमोनं यकृतातल्या गाठी लहान होत असताना बीजांडातली मात्र वाढतच जाते, असं पुष्कळदा दिसतं, म्हणून ती काढून टाकण्याचा विचार लवकर होतो. मेंदूत शंभरात एक ते तीन जणांना. तिथे लहान मेंदूचा वाटा मोठा, आणि बहुतेकदा फुफ्फुसात आधीच गाठी असतात. सकाळची डोकेदुखी, उलटी, चालताना तोल जाणं, आणि हे सगळं केमोच्या खात्यावर टाकलं जातं, तिथेच वेळ जातो. बेंबीतली कडक गाठ पोटाच्या आतला आजार बाहेर सांगते. अमेरिकेत विल्यम मेयो यांच्या हाताखाली मदतनीस असलेल्या सिस्टर मेरी जोसेफ यांनी ऑपरेशनपूर्वी कातडी साफ करताना ती हेरली, आणि १९४९ मध्ये हॅमिल्टन बेली यांनी त्या गाठीला त्यांचं नाव दिलं. जुन्या टाक्यांच्या व्रणात, किंवा गुदद्वाराजवळच्या भगंदरात गाठ येणं हा वेगळाच मामला. तिथे पेशी रक्तातून येत नाहीत. आतड्याच्या पोकळीत सुटलेल्या पेशी खाली सरकत येतात आणि उघड्या जखमेत रुजतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनांच्या सुरुवातीला, १९९० च्या दशकात, पोटावरच्या छिद्रांत अशा गाठी दिसल्या म्हणून मोठी घबराट झाली होती. पुढच्या मोठ्या अभ्यासांत हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आणि उघड्या ऑपरेशनइतकंच निघालं. प्लीहा, स्वादुपिंड, वृषण, हिरड्या, हृदय, डोळ्याचा पडदा, या सगळ्या जागी तुरळक उदाहरणं नोंदलेली आहेत, आणि पेशंट आता पूर्वीपेक्षा जास्त जगतात, स्कॅनही जास्त होतात, तेव्हा ती वाढतच जाणार.

आता कमरेखालचं दुखणं. बाबांचा कॅन्सर गुदाशयाचा होता, आणि गुदाशय जिथे असतो त्याच्या बरोब्बर मागे त्रिकास्थी, म्हणजे माकडहाडाच्या वरचं सपाट हाड. ऑस्कर बॅटसन नावाच्या शरीररचनातज्ज्ञानं १९४० मध्ये मृतदेहांच्या ओटीपोटातल्या शिरांत रंग सोडून दाखवलं, की मणक्यांभोवती शिरांचं एक जाळं आहे आणि त्याला झडपा नाहीत. खोकला, कुंथणं, वजन उचलणं, अशानं पोटातला दाब वाढला की त्यातलं रक्त उलटंही वाहतं. ओटीपोटातल्या पेशींना मणक्यात शिरायला ही मागची वाट आहे, यकृत आणि फुफ्फुस दोन्ही टाळून. म्हणून ‘यकृत-फुफ्फुस स्वच्छ’ या वाक्यानं थायरॉईडबाबत जो दिलासा मिळतो, तो त्रिकास्थीबाबत तितका मिळत नाही. आतड्याच्या कॅन्सरमध्ये हाडात गाठी एकंदर कमीच, शंभरात दहाहून कमी, पण त्या होतात तेव्हा गुदाशयाचा वाटा जास्त असतो आणि जागा बहुतेकदा मणके, त्रिकास्थी, कटीची हाडं.

याचा अर्थ तिथे कॅन्सरच आहे असा मुळीच नाही. तीन शक्यता मला दिसतात, आणि तिन्हींचे इलाज वेगळे. एक, हाडातली गाठ. दोन, जुन्या जागीच, त्रिकास्थीच्या पुढ्यात, आजार परत येऊन हाडाला भिडणं. ही पसरलेली गाठ नव्हे, स्थानिक पुनरागमन, आणि कधी कधी ते मोठ्या ऑपरेशननं काढता येतं. तीन, जी मला तुमच्या बाबांच्या बाबतीत बरीच शक्य वाटते: रेडिएशननं ठिसूळ झालेल्या त्रिकास्थीला गेलेली बारीक चीर. ओटीपोटाच्या रेडिएशननंतर वर्षा-दोन वर्षांनी अशी चीर जाते, दुखते, आणि स्कॅनवर चमकतेही. तिला गाठ समजून केमो सुरू केल्याची उदाहरणं आहेत. उलट बाजू अशी की मूळ कॅन्सर म्युसिनस, म्हणजे बुळबुळीत श्लेष्म तयार करणाऱ्या जातीचा असेल, तर त्याच्या गाठी पेट स्कॅनवर नीट चमकतच नाहीत. जुन्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये हा शब्द आहे का ते आज घरीच बघता येईल. असेल, तर ‘झीज असावी’ या वाक्यावर विसंबू नका. या तिघांत फरक करायला ओटीपोटाचा आणि कमरेच्या मणक्यांचा एमआरआय लागतो.

घरी लक्ष ठेवायचं ते असं. पाय जड पडणं, जिना चढताना गुडघा मुडपणं, बसताना टेकतो त्या भागाला बधिरपणा, लघवी अडणं किंवा कळत नसताना होणं. यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. नसांवर दाब आलेला असू शकतो, आणि तासांनी फरक पडतो. सगळीकडे ‘शौचावरचा ताबा जाणं’ हेही लक्षण लिहिलेलं सापडेल. बाबांना स्टोमा आहे, त्यामुळे ते त्यांच्यात कळणारच नाही. म्हणून लघवीकडे आणि पायांकडे दुप्पट लक्ष.

एमआरआयनंतर हाडाचा तुकडा काढायचा ठरलाच, तर एक गोष्ट करणाऱ्यांना आधी सांगा. हाड कापण्यासारखं मऊ करायला प्रयोगशाळेत ते ॲसिडमध्ये ठेवतात. तीव्र ॲसिडनं पेशींतला डीएनए खराब होतो, आणि मग जनुकांच्या तपासण्या त्या तुकड्यावर होत नाहीत. तुकड्यातला मऊ भाग ॲसिडविना वेगळा ठेवावा, किंवा हाड ईडीटीए या सौम्य रसायनात मऊ करावं. एक वाक्य अर्जावर लिहिलं की काम होतं. न लिहिल्यामुळे पेशंटला दुसऱ्यांदा सुई टोचावी लागलेली मी पाहिली आहे.

समजा, कुठेतरी आतड्याचाच कॅन्सर निघाला. तर मग ‘विचित्र जागी’ म्हणजे ‘जास्त वाईट’ का? जागेच्या नवलाईवर ते ठरत नाही. गाठ एकच आहे की अनेक, आधीच्या केमोनंतर किती काळानं आली, आणि तिच्या जनुकांत काय आहे, यावर जास्त ठरतं. स्टेजिंगमध्येही, म्हणजे आजार किती पसरला याच्या वर्गवारीत, एका अवयवात असेल तर एम-१-ए, दोन किंवा जास्त अवयवांत असेल तर एम-१-बी, आणि पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरलं असेल तर एम-१-सी. थायरॉईड किंवा हाड यांना वेगळा, जास्त काळा रकाना नाही. एकटी गाठ काढून किंवा नेमक्या रेडिएशननं जाळून वर्षानुवर्षं बरी राहिलेली माणसं आहेत. दुखणाऱ्या हाडावर रेडिएशनचा एकच डोस पुष्कळांना आराम देतो. उलट अनेक जागी पसरलेल्या आजारात ही विरळा जागा म्हणजे हिमनगाचं फक्त टोक असते.

जनुकांच्या तपासण्या, म्हणजे रास, ब्राफ, एचईआर २ आणि एमएसआय, जुन्या तुकड्यावर झालेल्या नसतील तर त्या आता करून घ्याव्यात. एमएसआय ही पेशींतली डीएनए-दुरुस्ती बिघडल्याची खूण; ते उच्च निघालं तर इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांची, दारं उघडतात. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं पेम्ब्रोलिझुमॅब अशा गाठींसाठी मंजूर केलं, तेव्हा पहिल्यांदाच गाठ कुठल्या अवयवात आहे हे न बघता, तिच्या स्वभावावरून औषध मंजूर झालं. मी तो निर्णय वाचला तेव्हा माझ्या टेबलावर दिवसभर ‘ही गाठ कुठली’ हाच प्रश्न होता.

तेव्हा या आठवड्यात क्रम असा ठेवा. आधी एमआरआय, कारण थायरॉईड दोन आठवडे थांबू शकतं, त्रिकास्थी कदाचित नाही. रक्त काढताना सीईए पुन्हा आणि सोबत कॅल्सिटोनिन. मग थायरॉईडची सोनोग्राफी आणि गरज वाटली तर सुई. जिथे ऑपरेशन झालं तिथून जुन्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. ते लेखी अर्जावर देतात, आणि एकटा रिपोर्टचा कागद त्यांची जागा घेत नाही. सुईच्या दिवशी अर्जावर ‘थायरॉईड नोड्यूल’ एवढंच लिहिलेलं दिसलं तर खाली आणखी एक ओळ लिहून घ्या: तीन वर्षांपूर्वी रेक्टमचा कॅन्सर, रेडिएशन आणि ऑपरेशन झालेलं, सीईए वाढलेलं. ती ओळ माझ्यासारखं कुणीतरी वाचणार आहे.